ब्रह्मांडाची सबब

एखादी कलाकृती आपल्या वर्णनशक्तीच्या आवाक्याबाहेर जाते आहे असे जाणवले की समीक्षा सहसा दोन मार्गांपैकी एक पत्करते. एकतर ती त्या कृतीला कलाबाह्य ठरवते, नाहीतर तिला लोकोत्तर ठरवते. पहिल्या मार्गाचा निषेध करण्याची रीत आता बऱ्यापैकी रूढ झाली आहे. दुसऱ्या मार्गाला मात्र अजूनही रसिकतेचा सन्मान मिळतो. जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादकाच्या 'इंटरस्टेलर स्पेस' या ध्वनिमुद्रिकेविषयी गेल्या पन्नास वर्षांत जे लिहिले-बोलले गेले, त्याचा मोठा भाग या दुसऱ्या मार्गाने गेलेला आहे. वैश्विक ऊर्जा, आकाशगंगांचा नाद, आत्म्याचे उड्डाण, शब्दातीत अनुभूती ही तिच्याभोवती जमलेली शब्दावली. या शब्दावलीला सौजन्याने हाताळण्याचे दिवस संपले आहेत. ती कौतुकाची भाषा वाटत असली तरी तिच्यामागे एक नकार दडलेला आहे, आणि तो नकार नेमका कशाचा आहे हे पाहायचे तर आधी त्या तबकडीकडेच वळले पाहिजे.

२२ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यू जर्सीतील एंगलवूड क्लिफ्स येथे, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण झाले. वादक दोनच होते. टेनर सॅक्सोफोन आणि घंटा कोल्ट्रेनकडे, ड्रम्स रशीद अलीकडे. पियानो नाही, बास नाही. म्हणजे जॅझमध्ये ज्यांच्या आधाराने स्वरसंवादाचा पाया आणि लयीची जमीन ओळखू येते ती दोन्ही वाद्ये वगळलेली. पाच महिने होण्याच्या आतच, १७ जुलै १९६७ रोजी, यकृताच्या कर्करोगाने कोल्ट्रेन वारला. तो चाळीस वर्षांचा होता. ध्वनिमुद्रण पडून राहिले आणि १९७४ साली 'इम्पल्स' कंपनीने ते विनाइलच्या तबकडीवर प्रसिद्ध केले. पहिल्या बाजूला 'मार्स' आणि 'व्हीनस', दुसऱ्या बाजूला 'ज्युपिटर' आणि 'सॅटर्न'; मंगळ, शुक्र, गुरू, शनी. एकूण छत्तीस मिनिटे.

वैश्विक वाचनाची सगळी भिस्त या चार नावांवर आणि त्यांच्या क्रमावर आहे. चार ग्रह, एक प्रवास, युद्धदेवतेपासून सुरू होऊन शनीच्या दूरस्थ शांततेपर्यंत जाणारी एक आध्यात्मिक यात्रा, अशी कथा रचणे त्यामुळे सोपे जाते. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला येथे पहिला प्रश्न पाठचिकित्सेचा पडायला हवा. ही संहिता कोणाची? त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणातून पुढे प्रकाशात आलेल्या रचना चार नाहीत, सहा आहेत. 'लिओ' आणि 'ज्युपिटर व्हेरिएशन' या दोन रचना १९७४ च्या तबकडीतून वगळल्या गेल्या आणि १९७८ साली दुसऱ्याच एका संकलनात प्रसिद्ध झाल्या. कॉम्पॅक्ट डिस्कच्या काळात त्या मूळ चारांना येऊन मिळाल्या. 'लिओ' म्हणजे सिंह रास. तो ग्रह नव्हे. शिवाय ही रचना त्या दिवशी ग्रहमालेसाठी जन्माला आलेली नव्हती. जुलै १९६६ मध्ये टोकिओच्या मैफलीत कोल्ट्रेनच्या संचाने ती वाजवलेली होती. 'लिओ'ला आत घेतले की ग्रहमालेची चौकट मोडते. 'ज्युपिटर' दोनदा ऐकले की यात्रेची कथा मोडते, कारण यात्रेत त्याच मुक्कामावर दुसऱ्यांदा, निराळ्या पायांनी कोणी उतरत नाही. त्याऐवजी जे समोर येते ते साधे आणि अधिक मोलाचे आहे. एका द्रव्याची दोन वेगळी रूपे करून पाहणारे दोन कारागीर दिसू लागतात.

ग्रहांच्या क्रमाचीही एक गंमत आहे. सूर्यापासूनच्या अंतराने मोजले तर शुक्र आधी आणि मंगळ नंतर यायला हवा. आपल्या वारांच्या क्रमाने मोजले तर गुरू शुक्राच्या आधी येतो. मंगळ, शुक्र, गुरू, शनी हा क्रम ज्या एका प्रसिद्ध ठिकाणी सापडतो ते ठिकाण म्हणजे गुस्टाव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची 'द प्लॅनेट्स' ही पहिल्या महायुद्धाच्या काळातील वाद्यवृंदरचना. तिच्यातून बुध तेवढा वगळायचा. तबकडीच्या जुळवणीमागे होल्स्ट होता असा दावा येथे करायचा नाही. मुद्दा इतकाच की ज्या क्रमातून ब्रह्मांडाचे रहस्य उकलले जाते आहे तो क्रम खगोलाचा नाही. तो ध्वनिमुद्रिकेच्या दोन बाजूंचा, प्रकाशनाच्या निर्णयांचा आणि कदाचित पाश्चात्य संगीतातल्या एका सवयीचा क्रम आहे. छापील गाथेतील अभंगांच्या क्रमावरून तुकारामांच्या आत्मविकासाचा आलेख काढणाऱ्याला मराठीचा कोणताही जबाबदार संशोधक थांबवतो आणि संपादकाचे नाव विचारतो. मरणोत्तर तबकडीला तेवढाच न्याय लावला तर बिघडत नाही.

अर्थात केवळ पाठचिकित्सेने हा वाद मिटणार नाही, कारण वैश्विक वाचनाची मुळे संहितेत नाहीत, वाचणाऱ्याच्या गृहीतात आहेत. ते गृहीत उघडे करायचे तर वर उल्लेखिलेल्या पहिल्या मार्गाकडे, निंदकांकडे, एकदा पाहिले पाहिजे. नोव्हेंबर १९६१ मध्ये 'डाउनबीट' या अमेरिकन जॅझ-नियतकालिकात जॉन टायनन याने कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांच्या वादनाला 'अँटी-जॅझ' म्हणजे जॅझविरोधी ठरवले. आरोप असा की हे वादक स्वैर झाले आहेत आणि लयीचा प्राणच नष्ट करीत आहेत. एप्रिल १९६२ मध्ये त्याच नियतकालिकात दोघा वादकांनी उत्तर दिले; त्यातील कोल्ट्रेनचा सूर विलक्षण संयमाचा होता. टीकाकारांनी वादकांशी बोलावे, म्हणजे समजून घेणे शक्य होईल, अशी त्याची अपेक्षा होती. आपण काय करतो आहोत ते सांगता येण्याजोगे आहे, एवढी साधी गोष्ट तो मांडत होता.

निंदकांनी ती ऐकली नाही, आणि भक्तांनीही ऐकली नाही. कोल्ट्रेनच्या नावाने सॅन फ्रान्सिस्कोत एक चर्च उभे राहिले आणि १९८२ मध्ये आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्चच्या छत्राखाली त्याला संतपद मिळाले. त्याआधी या मंडळींच्या लेखी तो साक्षात ईश्वरावतार होता. अधिकृत धर्मसंस्थेत सामील होताना त्याला संताच्या पायरीवर उतरवावे लागले. एखाद्या समाजाने आपल्या दुःखाला वाट करून देण्यासाठी एखाद्या कलावंताला पूजनीय मानले तर त्यात हसण्यासारखे काही नाही. प्रश्न समीक्षेचा आहे. निंदक म्हणतो, या माणसाचे वाजवण्यावर नियंत्रण राहिलेले नाही. भक्त म्हणतो, या माणसाच्या द्वारे कोणी दुसरेच वाजवते आहे. दोन्ही वाक्यांत वाजवणारा माणूस विचार करीत नाही. कृष्णवर्णीय कलावंताच्या कलेचे श्रेय त्याच्या रक्ताला, वेदनेला, आवेगाला, फार तर देवाला द्यायचे, पण बुद्धीला द्यायचे नाही, ही अमेरिकेतील फार जुनी खोड आहे. वैश्विक वाचन त्या खोडीला सोवळे नेसवते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप संभवतो. खुद्द कोल्ट्रेनच ईश्वराची भाषा बोलत होता. डिसेंबर १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली 'अ लव्ह सुप्रीम' त्याने उघडपणे ईश्वराला अर्पण केलेली आहे. तिच्या वेष्टनावर त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना छापलेली आहे. मग आध्यात्मिक वाचनाला चूक का म्हणायचे? या आक्षेपाचे उत्तर त्याच मुद्रिकेत आहे. तिच्या शेवटच्या भागात, 'साम' म्हणजे स्तोत्र असे नाव असलेल्या भागात, सॅक्सोफोन जे वाजवतो ते म्हणजे त्या छापील प्रार्थनेचे निःशब्द पठण आहे. प्रार्थनेतील अक्षरे आणि वाद्यातील स्वर जोडीने चालतात. ल्युइस पोर्टर या अभ्यासकाने ते शब्दाशब्दाने दाखवून दिले आहे. भक्ती आहे, पण ती अक्षरांच्या हिशेबाने चाललेली भक्ती आहे. ज्ञानेश्वरांच्या ओवीचे साडेतीन चरण समाधीत आपोआप पडले असे महाराष्ट्रात कोणी म्हणत नाही. श्रद्धा ही कोल्ट्रेनच्या जीवनातील वस्तुस्थिती आहे, रचनेचे प्रयोजनही ती असू शकेल. परंतु प्रयोजन सांगितल्याने रचनेचे वर्णन होत नाही.

आणि रचना वर्णन करण्याजोगी आहे. 'मार्स' घंटांनी उघडते. त्यानंतर सॅक्सोफोन मोजक्या स्वरांचे एक सूत्र मांडतो आणि लगेच ते मोडायला घेतो. एखादा छोटा स्वरसमूह उचलायचा, तो तसाच दुसऱ्या आधारस्वरावर न्यायचा, तेथून तिसऱ्यावर, आणि ही स्थलांतरे इतक्या वेगाने करायची की कानाला कोणताही एक षड्ज मानून बसता येऊ नये, अशी ही पद्धत आहे. मग खालच्या पट्टीत एक तुकडा आणि वरच्या किंचाळत्या पट्टीत त्याला दुसऱ्या तुकड्याचे उत्तर, असे आलटून-पालटून चालते आणि एकाच वाद्यातून दोन आवाजांचा संवाद उभा राहतो. पियानो वगळण्याचे कारण येथे कळते. पियानो असता तर प्रत्येक स्थलांतराला त्याला साथ द्यावी लागली असती, किंवा विरोध करावा लागला असता. दोन्ही परिस्थितींत स्थलांतराचे स्वातंत्र्य गेले असते. ही पद्धत आकाशातून पडलेली नाही. १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'जायंट स्टेप्स'मध्ये एका सप्तकाचे तीन समान भाग करून स्वरकेंद्रे फिरवण्याचा जो व्यूह कोल्ट्रेनने रचला होता, त्याचेच हे दूरचे टोक आहे. निकोलस स्लोनिम्स्कीच्या १९४७ सालच्या स्वरमालांच्या जाडजूड कोशातून तो तासन्‌तास रियाज करी. स्वरांचे परस्परसंबंध दाखवणारी वर्तुळाकार आकृती त्याने हाताने काढून यूसेफ लतीफला दिली होती. लतीफच्या १९८१ मधील पुस्तकात ती छापलेली आहे. आकृती काढणाऱ्या माणसाविषयी, त्याच्यातून काहीतरी वाहत होते, असे लिहिताना हात थोडा अडखळायला हवा.

'व्हीनस'ची प्रकृती निराळी. येथे रशीद अली काठ्या ठेवून ब्रश हातात घेतो. तालवाद्य खसखसू लागते. सॅक्सोफोन एक संथ, गाण्याजोगी धून मांडतो, तिच्या स्वरांभोवती अलंकार वाढवीत जातो, ते अलंकार इतके दाट होतात की मूळ धून त्यांच्याखाली दिसेनाशी होते, आणि शेवटी तो पुन्हा धुनीवर येतो. धून, तिचा विस्तार, धुनीकडे परतणे. ज्या मुद्रिकेला घाटच नाही असे निंदक मानत होते आणि जी घाटाच्या पलीकडे गेली असे भक्त मानतात, तिचा घाट जॅझच्या कोणत्याही सरधोपट रचनेइतका स्पष्ट ऐकू येतो. 'मुक्त' या विशेषणाने येथे घोटाळा केला आहे. ऑर्नेट कोलमनच्या १९६१ मधील मुद्रिकेवरून 'फ्री जॅझ' हे नाव रूढ झाले आणि लोकांनी त्याचा अर्थ बंधनाचा अभाव असा घेतला. मुक्तछंद म्हणजे छंदच नाही असे समजून अनिलांवर तुटून पडलेल्यांची पिढी मराठीने पाहिलेली आहे. त्यामुळे या घोटाळ्याचे आपल्याला नवल वाटू नये.

वैश्विक वाचनात सर्वांत मोठा अन्याय कोणावर होत असेल तर तो रशीद अलीवर. ब्रह्मांडात एकटा विहार करणारा आत्मा अशी प्रतिमा एकदा ठरली की दुसऱ्या वादकाला जागाच उरत नाही. तो फार तर तारकांची धूळ होतो. प्रत्यक्षात या मुद्रिकेतील निम्मे काम त्याचे आहे. १९६५ च्या अखेरीस तो कोल्ट्रेनच्या संचात आला तेव्हा एल्विन जोन्स अजून तेथे होता, आणि काही काळ दोघे ड्रमवादक एकत्र वाजवीत होते. जोन्स गुंतागुंतीचे वाजवी, पण त्याच्या गुंतागुंतीला मोजता येणारी मात्रा असे. अलीने ती मात्रा काढून घेतली आणि गती ठेवली. तो एकाच वेळी अनेक दिशांनी लय चालवतो, असे कोल्ट्रेनने त्याच्याविषयी म्हटले होते. हे वर्णन फार नेमके आहे, आणि ते एका वादकाने दुसऱ्या वादकाच्या कारागिरीचे केलेले वर्णन आहे; त्यात ग्रह-तारे नाहीत. पायाखालच्या झांजा एक गती सुचवतात, वरचे ड्रम दुसरी, आणि सॅक्सोफोनवादकाला या दोहोंपैकी कोणत्याही गतीवर पाय टाकता येतो, किंवा तिसरी काढता येते. ही मुभा देण्यासाठी तालवादकाला प्रत्येक क्षणी समोरच्याचा पुढचा श्वास ओळखावा लागतो.

येथे मराठी श्रोत्याच्या तोंडी 'जुगलबंदी' हा शब्द येतो, आणि तो तपासून घेतला पाहिजे. जुगलबंदीत आवर्तन दोघांच्याही वर असते. कोणी कितीही दूर गेले तरी सम ठरलेली आहे, आणि समेवर येण्याचा आनंद श्रोत्यालाही आधीपासून ठाऊक असतो. 'मार्स'मध्ये सम नाही. दोघे एकत्र येतात तेव्हा ते ठरलेल्या जागी आलेले नसतात. त्यांनी त्या क्षणी ती जागा तयार केलेली असते, आणि ती लगेच मोडतेही. हा भेद क्षुल्लक नाही. आपल्या परिचयाची संज्ञा वापरून आपण ही कृती आपलीशी करतो तेव्हा तिच्यातले सर्वांत अवघड काम, म्हणजे सामायिक नियम नसताना एकमेकांवर विसंबणे, नजरेआड होते.

आपलेसे करण्याचा हा मोह भारतीय लेखनात अधिकच प्रबळ आहे, कारण त्याला पुरावे मिळतात. कोल्ट्रेनने १९६१ मध्ये 'इंडिया' नावाची रचना वाजवली, १९६५ मध्ये 'ओम' ध्वनिमुद्रित केली, त्याच वर्षी जन्मलेल्या मुलाचे नाव रविशंकरांवरून रवी ठेवले. पत्नी ॲलिस पुढे स्वामिनी तुरीयसंगीतानंदा झाली. एवढे हाती लागले की 'इंटरस्टेलर स्पेस' म्हणजे अनाहत नादाचा पाश्चात्य आविष्कार असे विधान करायला वेळ लागत नाही. या विधानाने आपल्या राष्ट्रीय अभिमानाची सोय होते, दुसरे काही होत नाही. खुद्द रविशंकरांनी कोल्ट्रेनच्या संगीतातील खळबळीने आपण अस्वस्थ झाल्याचे सांगितले होते. इतका शांत, नम्र माणूस आणि त्याच्या वाद्यातून एवढी तडफड कशी, हा त्यांना पडलेला प्रश्न होता. ज्या संगीतज्ञाला हे संगीत प्रत्यक्ष भेटले त्याला त्यात मोक्ष ऐकू आला नाही. त्याच्या देशबांधवांना तो पुढे तबकडीच्या वेष्टनावरून ऐकू येऊ लागला.

मराठी सौंदर्यशास्त्राकडे या प्रसंगी वळावे तर तेथे वापरण्याजोगी अवजारे आहेत, आणि ती गंजलेली नाहीत. मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही त्रयी 'मार्स'पुढे ठेवली तर पहिल्या दोन संज्ञा उत्तम काम देतात. खालच्या आणि वरच्या पट्टीतील तुकड्यांचे नाते त्यांनी नेमके पकडता येते. तिसरी अडखळते, कारण येथील समतोल टिकण्यासाठी साधलेला नाही. सिद्धांताचे असे अडखळणे समीक्षेला पुढे नेते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त कलेच्या द्विध्रुवात्मकतेचा जो विचार मांडला त्यात लौकिक आणि अलौकिक या दोन्ही ध्रुवांचा ताण टिकवून धरणे अभिप्रेत होते. वैश्विक वाचन एक ध्रुव उपटून टाकते आणि उरलेल्यावर झेंडा लावते. शब्दातीत, अनिर्वचनीय, लोकोत्तर हे शब्द मीमांसेच्या शेवटी आले तर त्यांना काही अर्थ असतो. आरंभीच आले तर ते रजेचे अर्ज असतात.

वैश्विक वाचनाला कंटाळलेले काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि या संगीताला राजकीय जाहीरनामा मानतात. फ्रँक कोफ्स्की या मार्क्सवादी समीक्षकाने ऑगस्ट १९६६ मध्ये कोल्ट्रेनची मुलाखत घेतली. या संगीताचे नाते माल्कम एक्सशी आणि कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आहे, हे त्याला वादकाच्या तोंडून वदवून घ्यायचे होते. कोल्ट्रेनने मृदू, मोजकी उत्तरे दिली. नाकारले काहीच नाही, पण कोणाच्या घोषणेखाली सहीही केली नाही. कोफ्स्कीचा हेतू सच्चा होता आणि कोल्ट्रेनच्या राजकीय जाणिवेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सप्टेंबर १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बॉम्बस्फोटात चार मुली ठार झाल्या, आणि सुमारे दोन महिन्यांनी त्याने 'अलाबामा' ही रचना ध्वनिमुद्रित केली. लेरॉय जोन्स, म्हणजे नंतरचा अमिरी बराका, याने १९६३ मध्येच बजावले होते की या संगीतामागचे तत्त्वज्ञान आणि जीवनदृष्टी वगळून केवळ स्वर मोजणारी गोरी समीक्षा अपुरी आहे. ते खरेच आहे. परंतु बराकाला संदर्भ हवा होता, धुके नको होते. आणि जोवर 'मार्स'मधील एका स्थलांतराचेही वर्णन न करता त्यातून क्रांती ऐकली जाते, तोवर क्रांतीचे वाचन आणि ब्रह्मांडाचे वाचन यांत फक्त वेष्टनाचा फरक राहतो.

मग अमेरिकन कृष्णवर्णीय संगीतात अवकाशाला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो सन रा याच्याकडे शोधावा. १९१४ साली त्याच बर्मिंगहॅममध्ये हर्मन ब्लाउंट या नावाने जन्मलेल्या या पियानोवादकाने आपण शनीवरून आलो आहोत असे सांगायला सुरुवात केली आणि १९५२ मध्ये कायदेशीर नाव बदलले. ज्या शहरात पाणी पिण्याची तोटीसुद्धा कातडीच्या रंगाने ठरत होती, त्या शहरात जन्मलेल्याने आपला जन्म तेथे झालाच नाही असे म्हणावे, यात गूढवाद थोडा आणि अधिकारक्षेत्र नाकारण्याचा निर्णय अधिक आहे. आणि तो निर्णय केवळ बोलण्यापुरता नव्हता. शिकागोत ॲल्टन अब्राहमबरोबर त्याने 'एल सॅटर्न' ही स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्था काढली. थोड्या प्रती, कधी हाताने रंगवलेली वेष्टने, मैफलींच्या जागी विक्री. शनी म्हणजे येथे मालकी. १९६५ च्या 'हेलिओसेंट्रिक वर्ल्ड्स'च्या दुसऱ्या खंडाच्या वेष्टनावर सूर्यमालेचा जुना नकाशा आहे आणि कोपर्निकस, गॅलिलिओ यांच्या रांगेत सन रा याचे चित्र आहे. ही रांग संतांची नाही, जाणत्यांची आहे. कोल्ट्रेनच्या ध्वनिमुद्रणाच्या चार आठवडे आधी, २७ जानेवारी १९६७ रोजी, बाह्य अवकाश कोणाच्याही मालकीचे नाही असे सांगणारा आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला झाला होता. त्याच दिवशी अपोलो-१ यानात आग लागून तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या महिन्यांत अवकाश हा शब्द अमेरिकेत पैशाचा, सत्तेचा आणि मृत्यूचा होता. आजच्या वैश्विक वाचनात त्यातले काहीही शिल्लक नाही.

हे सारे मराठीत मांडण्याचे कारण केवळ माहिती हे नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले होते, आणि जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी मराठी वाचकाची ओळख करून दिली. साम्य शोधण्याचे काम तेव्हापासून चालू आहे. एक साम्य मात्र फारसे कोणी तपासलेले नाही, कारण ते समीक्षेच्या अंगावर येते. दलित कवितेचे स्वागत मराठीत कोणत्या शब्दांनी झाले ते पाहावे. तिच्या विरोधकांना ती आरडाओरड वाटली. तिच्या चाहत्यांनी उद्रेक, स्फोट, आक्रोश, ज्वालामुखी हे शब्द वापरले. ज्वालामुखी विचार करीत नाही. 'गोलपिठा'तील ओळ कोठे तुटते, बोलीचा शब्द कोणत्या संस्कृतप्रचुर शब्दाशेजारी बसवला जातो आणि त्या शेजारामुळे दोघांचे काय होते, नामदेव ढसाळांनी ओव्या-अभंगांच्या आणि मर्ढेकरांच्या परंपरेचे काय केले, या प्रश्नांची चर्चा झाली नाही असे नाही. पण ज्वालामुखीच्या तुलनेत ती थोडी झाली, आणि विद्यापीठांच्या उत्तरपत्रिकांत तर ज्वालामुखीच उरला. दाहकतेबद्दल गुण देणारी समीक्षा शिल्पाबद्दल गुण द्यायचे टाळते. कोल्ट्रेनच्या वाट्याला ब्रह्मांड आले, ढसाळांच्या वाट्याला लाव्हा. दोन्ही निसर्गाच्या शक्ती आहेत, दोघांनाही हस्तलिखित नसते.

गेल्या काही वर्षांत विनाइलच्या तबकड्यांना पुन्हा बाजार आला आहे आणि 'स्पिरिच्युअल जॅझ' हा विक्रीचा एक कप्पा झाला आहे. जुन्या मुद्रिका जड तबकड्यांवर पुन्हा निघतात, आणि सोबतच्या मजकुरात उड्डाणांची व आकाशगंगांची रेलचेल असते. विक्रेत्याने असे लिहिले तर त्याचा तो व्यवसाय आहे. पण शोधनिबंधांतही हाच मजकूर तळटिपा लावून येऊ लागला, तेव्हा विद्यार्थ्याला एवढे तरी विचारायला हवे की त्याने तबकडी कितीदा ऐकली, आणि दुसऱ्या वादकाचे नाव त्याच्या निबंधात कितव्या पानावर येते.

त्या दुसऱ्या वादकाने 'इंटरस्टेलर स्पेस' बाजारात येण्याची वाट पाहिली नव्हती. १९७३ मध्ये रशीद अलीने 'सर्व्हायव्हल' ही स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्था काढली आणि फ्रँक लो या सॅक्सोफोनवादकाबरोबर 'ड्युओ एक्स्चेंज' ही मुद्रिका केली; पुन्हा दोनच वादक, पुन्हा पियानो-बासाविना, आणि शीर्षकात एकही ग्रह नाही. १९९९ मध्ये गिटारवादक नेल्स क्लाइन आणि ड्रमवादक ग्रेग बेन्डियन यांनी 'इंटरस्टेलर स्पेस'मधील रचना नव्याने वाजवून ध्वनिमुद्रित केल्या. वाद्य बदलले, माणसे बदलली, बत्तीस वर्षे उलटलेली होती. 'व्हीनस'ची धून तेथेही ओळखू येते.